मोजक्या पैशांतली भक्कम भीती : जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोविन' (१९७८)

स्वस्तात तयार झालेला भयपट आणि हलक्या दर्जाचा भयपट यांत आपण सहसा फरक करत नाही. पोस्टरवर सुरा, पडद्यावर जिवाच्या आकांताने पळणारी तरुण मुले आणि दीड तासात चार-पाच मृतदेह एवढी सामग्री दिसली, की चित्रपट टाकाऊ असल्याचा निर्वाळा देऊन मोकळे होण्याची सवय समीक्षकांना आहे तशी प्रेक्षकांनाही आहे. 'स्लॅशर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पठडीतील बहुसंख्य चित्रपटांबाबत तो निर्वाळा बरोबरच ठरतो. परंतु ज्या चित्रपटाच्या घवघवीत यशामुळे अमेरिकेत या पठडीचे पेव फुटले, तो जॉन कार्पेंटर दिग्दर्शित 'हॅलोविन' अगदी मोजक्या पैशांत होऊनही अव्वल दर्जाचा चित्रपट आहे, आणि त्याचा दर्जा नेमका कशात सामावला आहे हे तपशिलाने सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. कथेत तो फारसा सापडणार नाही, खुनांत तर मुळीच सापडणार नाही. कार्पेंटर आणि त्यांचे छायालेखक डीन कंडी यांनी पडद्याच्या रुंदीचा जो वापर केला आहे, त्यात तो सामावलेला आहे.

कथानक चार ओळींत सांगून संपते. १९६३ साली हॅलोविनच्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, इलिनॉय राज्यातील हॅडनफिल्ड नावाच्या काल्पनिक गावात मायकेल मायर्स हा सहा वर्षांचा मुलगा आपल्या थोरल्या बहिणीचा सुऱ्याने खून करतो. पंधरा वर्षे मनोरुग्णालयात काढल्यावर तो तिथून निसटतो आणि त्याच सणाच्या दिवशी गावी परततो. त्याच्यावर उपचार केलेले डॉ. लूमिस त्याच्या मागावर येतात. लॉरी, अ‍ॅनी आणि लिंडा या तीन शाळकरी मैत्रिणींपैकी पहिल्या दोघी त्या रात्री शेजारपाजारची लहान मुले सांभाळणार असतात, आणि मायकेल दिवसभर त्यांच्यावर पाळत ठेवून असतो. यापलीकडे उपकथानक नाही आणि रहस्यही नाही. खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच कळते. तो खून का करतो हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही, आणि कार्पेंटर यांनी ते सांगायचे टाळले हे फार चांगले केले.

आता पैशांविषयी. हा चित्रपट सुमारे ३ लाख डॉलरमध्ये, म्हणजे त्या काळच्या दराने साधारण २५ लाख रुपयांत, १९७८ च्या वसंत ऋतूत जेमतेम तीन आठवड्यांत चित्रित झाला. मुले सांभाळणाऱ्या तरुणींच्या मागे लागलेला खुनी ही मूळ कल्पना आयर्विन याब्लान्स यांची, पैसा मुस्तफा अक्काड यांचा, आणि पटकथा कार्पेंटर व निर्मात्या डेब्रा हिल या दोघांची. इतक्या तुटपुंज्या रकमेत काम करणारा निर्माता सर्वप्रथम कॅमेऱ्यावर काटकसर करतो. इथे उलटे घडले. खर्चाचा मोठा वाटा पॅनाव्हिजन कंपनीचा कॅमेरा आणि रुंद पडद्यासाठी लागणारी भिंगे भाड्याने घेण्यावर गेला. डॉ. लूमिसच्या भूमिकेसाठी अनुभवी नट म्हणून डोनाल्ड प्लेझन्स यांना पाच दिवसांसाठी सुमारे २० हजार डॉलर देण्यात आले. बाकी सर्वत्र हात आखडता होता. जेमी ली कर्टिस यांची ही पहिलीच चित्रपट-भूमिका असल्याने त्यांचे मानधन ८ हजार डॉलर होते, आणि मुखवट्याआडच्या मायकेलची भूमिका बहुतांश प्रसंगांत करणारे निक कॅसल, जे कार्पेंटर यांचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र होते, त्यांना दिवसाला २५ डॉलर मिळत होते. तो सुप्रसिद्ध पांढरा मुखवटासुद्धा दोन डॉलरपेक्षा कमी किमतीला बाजारातून आणलेला होता. 'स्टार ट्रेक' मालिकेतील कॅप्टन कर्कचा तो मुखवटा कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस यांनी घेतला, त्याचे डोळे कापून मोठे केले, कल्ले काढले, केस विस्कटले आणि चेहऱ्यावर पांढरा रंग फवारला. ज्याच्या चेहऱ्यावर राग नाही, द्वेष नाही आणि आनंदही नाही असा खुनी त्यातून उभा राहिला. महागडा मुखवटा मुद्दाम घडवून घेतला असता तर त्यात कारागिराने काहीतरी भाव नक्कीच घातला असता, असे मला राहून राहून वाटते.

पॅनाव्हिजनवर खर्च केलेला पैसा पडद्यावर कसा दिसतो, ते पाहण्यासारखे आहे. या चित्रपटाची चौकट उंचीच्या दुपटीहून बरीच अधिक रुंद आहे. तोवर अशी चौकट बहुधा वाळवंट, रणांगण किंवा हजारोंचा जमाव दाखवण्यासाठी राखून ठेवलेली असे. कार्पेंटर यांनी ती गावातल्या शांत गल्लीसाठी वापरली. पात्र चौकटीच्या एका कडेला उभे असते आणि उरलेला दोन-तृतीयांश पडदा मोकळा असतो. त्यात एक झाड असते, एखादे कुंपण, एखादी उघडी खिडकी. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत मायकेल दोन-तीनदा अशा मोकळ्या जागेत उगवतो आणि नाहीसा होतो. त्यानंतर प्रत्येक मोकळी जागा आपण भीतभीतच तपासू लागतो. दिग्दर्शकाने काहीही न दाखवता प्रेक्षकाला कामाला लावलेले असते.

याची उदाहरणे दिवसाउजेडातल्या प्रसंगांत अधिक स्पष्ट दिसतात, आणि चित्रपटाचा मला सर्वांत आवडलेला भागही तोच आहे. वर्गात शिक्षिका नियतीविषयी बोलत असताना लॉरी खिडकीबाहेर पाहते, तर रस्त्यापलीकडे एक मोटार उभी असते आणि मोटारीपाशी कोणीतरी नुसते उभे असते. शिक्षिका तिला प्रश्न विचारतात, ती बरोबर उत्तर देते, आणि पुन्हा पाहते तो मोटार गेलेली असते. शाळा सुटल्यावर घराकडे येताना झाडांच्या कुंपणाआडून तीच आकृती अर्धी बाहेर दिसते. अ‍ॅनी ठणकावत पुढे जाऊन पाहते, तर तिथे कोणी नसते. नंतर लॉरी आपल्या खोलीच्या खिडकीतून खाली पाहते, तेव्हा शेजारच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध तो उभा असतो. चादर वाऱ्याने हलते आणि जागा रिकामी होते. या तिन्ही प्रसंगांत कोणाला ओरखडाही उठत नाही. खुनी धावत नाही, हातात शस्त्र नसते, आणि ऊन तर लख्ख पडलेले असते. भयपटाला रात्र लागते ही समजूत या चित्रपटाने मोडीत काढली, आणि तीही एक पैसा अधिक खर्च न करता.

अ‍ॅनीच्या मोटारीचा प्रसंग मात्र थोडा थांबून पाहावा, कारण दिग्दर्शकाचा प्रेक्षकावर किती विश्वास आहे हे त्यातून कळते. ती मित्राला आणायला निघते, गाडीचे दार ओढते, तर ते कुलूपबंद असते. किल्ल्या आणायला ती गुणगुणत घरात जाते, परत येते आणि दार सरळ उघडून आत बसते. किल्ली लावावी लागली नाही, हे तिच्या लक्षात येत नाही. ते आपल्या लक्षात आले तर ठीक, नाही आले तरी चित्रपट खुलासा करत बसत नाही. आत बसल्यावर तिला समोरची काच आतून धुरकटलेली दिसते. बंद गाडीत कोणीतरी बराच वेळ श्वास घेत बसल्याशिवाय काच अशी होत नाही. ती बोटाने काच पुसते, चेहऱ्यावर प्रश्न उमटतो आणि पुढचे सारे काही क्षणांत घडते. त्या क्षणांपेक्षा काचेवरचा दमटपणा मनात अधिक काळ राहतो. अशी कल्पना सुचायला आणि ती पडद्यावर आणायला खर्च काही येत नाही. मात्र दाराचे कुलूप, किल्ल्यांसाठीची फेरी आणि काच या तीन गोष्टींची क्रमवारी पटकथेच्या कागदावरच पक्की असावी लागते.

डीन कंडी यांच्या प्रकाशयोजनेबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. रात्रीच्या प्रसंगांत त्यांनी खिडक्यांतून येणाऱ्या उजेडाला निळसर छटा दिली आहे आणि घरातल्या दिव्यांना उबदार पिवळी. त्यामुळे कोणती खोली सुरक्षित आणि कोणती नाही, हे शब्दांवाचून समजते. चित्रपटाच्या अखेरच्या टप्प्यात लॉरी एका काळोख्या दाराशेजारी भिंतीला टेकून रडत असते. तिच्या मागचा काळोख इतका गडद आहे की तिथे दार आहे हेही विसरायला होते. मग त्या काळोखात पांढरा चेहरा अगदी सावकाश उमटू लागतो. कंडी यांनी एका लहान दिव्याचा प्रकाश हळूहळू वाढवत नेऊन हा परिणाम साधला. चेहरा तिथे आधीपासूनच होता, आपल्याला तो आत्ता दिसला, ही जाणीव दचकवण्याच्या कोणत्याही युक्तीपेक्षा खोलवर जाते. इथे आवाजाचा धक्का देण्याआधी दिग्दर्शकाने नजरेला सरावण्याइतका अवधी दिला आहे, हे विशेष.

चित्रपटाचा प्रारंभ ज्या प्रदीर्घ दृश्याने होतो त्याची कीर्ती फार आहे आणि ती बव्हंशी सार्थ आहे. सुमारे चार मिनिटे आपण खुन्याच्याच डोळ्यांनी पाहत राहतो: रस्त्यावरून घराकडे जाणे, बाजूच्या खिडकीतून आत डोकावणे, मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरणे, खणातून सुरा उचलणे, जिना चढणे, जमिनीवर पडलेला विदूषकाचा मुखवटा चेहऱ्यावर चढवणे आणि मग केवळ डोळ्यांच्या दोन भोकांतून उरलेले सारे पाहणे. सुरा उचलणारा हात डेब्रा हिल यांचा आहे. कॅमेरामनच्या अंगावर पट्ट्यांनी बसवला जाणारा, चालताना हिसके न घेणारा पॅनाग्लाइड हा कॅमेरा त्या वेळी नवा होता. त्याच्या तरंगत्या चालीमुळे हे दृश्य पायांनी चालल्यासारखे वाटत नाही आणि यंत्राने सरकल्यासारखेही वाटत नाही. दृश्य अखंड भासत असले तरी त्यात बेमालूम लपवलेले सांधे आहेत. मुखवटा उतरवला जातो आणि हातात सुरा घेतलेला सहा वर्षांचा मुलगा दिसतो, तेव्हा इतका वेळ आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहत होतो हे कळून अंगावर काटा येतो. या दृश्यात एक दोषही आहे. बहीण आणि तिचा मित्र माडीवर जातात आणि इतक्या थोड्या वेळात तो कपडे सावरत परत निघतो की कालावधीचा हिशेब जुळत नाही. अखंड दृश्याचा आग्रह धरल्याची ती किंमत आहे, आणि ती मोजण्याजोगी होती असे मी म्हणेन.

रक्ताबद्दल या चित्रपटाविषयी मोठाच गैरसमज आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना तो रक्तरंजित वाटतो, आणि ज्यांनी फार वर्षांपूर्वी पाहिला त्यांनाही तसाच आठवतो. वास्तविक पडद्यावर रक्त अगदी नावापुरते दिसते. एका प्रसंगात मायकेल तरुणाला सुऱ्याने दारावर खिळवून ठेवतो आणि मग मान एका बाजूला, नंतर दुसऱ्या बाजूला कलवून त्याच्याकडे पाहत राहतो. जखम दिसत नाही, पण ती कललेली मान विसरता येत नाही. दोनच वर्षांनी आलेल्या 'फ्रायडे द थर्टीन्थ' या चित्रपटाने 'हॅलोविन'चा आर्थिक धडा अचूक गिरवला, आणि रंगभूषाकार टॉम सॅविनी यांच्या करामतींच्या बळावर जखमाच मुख्य आकर्षण केल्या. पुढच्या दशकात आलेल्या बहुतेक अनुकरणांनी तीच वाट धरली. सॅविनी यांचे कसब निर्विवाद असले तरी जखम एकदा पाहिली की तिचे काम संपते. म्हणूनच ती अनुकरणे दुसऱ्यांदा पाहवत नाहीत. 'हॅलोविन' मात्र दुसऱ्यांदा पाहताना अधिक भीती वाटते, कारण पहिल्या वेळी नजरेतून निसटलेल्या जागा आता आपल्याला ठाऊक असतात.

संगीत कार्पेंटर यांनी स्वतःच दिले, कारण संगीतकाराला द्यायला पैसे नव्हते. पियानोवर एकच छोटी सुरावट पाच मात्रांच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा येते. हा ठेका त्यांच्या वडिलांनी, जे संगीताचे प्राध्यापक होते, त्यांना लहानपणी बोंगोवर शिकवला होता. पाच मात्रांचे आवर्तन पाश्चात्त्य कानाला कायम एक पाऊल चुकल्यासारखे वाटते आणि त्यामुळे स्वस्थता अशी मिळतच नाही. झपतालाची सवय असलेल्या आपल्या कानांना या पाच मात्रा परक्या नाहीत, तरीही त्या सुरावटीचा उतावळा वेग आपल्यालाही बेचैन करतो. संगीत घालण्यापूर्वी कार्पेंटर यांनी हा चित्रपट एका मोठ्या स्टुडिओतील तरुण अधिकारी महिलेला दाखवला होता, आणि तिला तो मुळीच भीतिदायक वाटला नव्हता. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तिच्यावरून चित्रपटाच्या यशाचे सारे श्रेय संगीताला देण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. वर सांगितलेले चादरींचे आणि काचेचे प्रसंग आवाज बंद करून पाहिले तरी उभे राहतात. मात्र खुन्याचे अचानक दिसणे आणि त्याच क्षणी तार छेडल्यासारखा कर्कश सूर वाजणे ही युक्ती चित्रपटाच्या मध्यावर जरा जास्तच वेळा येते, आणि दोन-तीन ठिकाणी ती गाळली असती तर बरे झाले असते.

अभिनयाची पातळी एकसारखी नाही. जेमी ली कर्टिस यांनी लॉरीला जो संकोच दिला आहे तो विलक्षण खरा आहे. मैत्रिणींच्या बडबडीत मागे मागे राहणारी, पुस्तके छातीशी धरून चालणारी, मुलांशी मात्र सहज आपलेपणाने बोलणारी ही मुलगी आपल्याला आवडू लागते, आणि म्हणूनच शेवटची वीस मिनिटे जिवाला घोर लावतात. चित्रीकरण कथेच्या क्रमाने झाले नव्हते, त्यामुळे कोणत्या प्रसंगात लॉरी किती घाबरलेली हवी हे कार्पेंटर त्यांना आधी सांगत असत. पडद्यावर भीतीची चढण कुठेही तुटलेली वाटत नाही, हे दोघांचेही यश आहे. प्लेझन्स यांच्या वाट्याला आलेले संवाद जड आणि थोडे नाटकी आहेत. 'साक्षात दुष्टपणा' अशा धाटणीची वाक्ये दुसऱ्या नटाच्या तोंडी हास्यास्पद ठरली असती, पण प्लेझन्स ती स्वतः घाबरलेल्या माणसासारखी बोलतात आणि तोल सांभाळतात. निक कॅसल यांच्याकडे चेहरा नाही आणि आवाजही नाही. उरते ती फक्त चाल, आणि घाई नसलेली ती चाल हा या चित्रपटातला एक उत्कृष्ट अभिनय आहे. मैत्रिणींच्या भूमिकांतील नॅन्सी लूमिस आणि पी. जे. सोल्स ठीक आहेत. त्यांचे बरेचसे संवाद डेब्रा हिल यांनी लिहिल्यामुळे त्यांच्या गप्पांत मुलींच्या खऱ्या गप्पांची लय आहे.

दोष सांगायचे तर पुष्कळ सांगता येतील. इलिनॉयमधला ऑक्टोबर म्हणून दाखवलेले सारे काही कॅलिफोर्नियात, मुख्यतः साउथ पासाडिना आणि हॉलिवूडच्या गल्ल्यांत, वसंत ऋतूत चित्रित झाले आहे. पानगळ दाखवण्यासाठी रंगवलेली पाने रस्त्यावर पसरली जात आणि दृश्य झाले की पिशव्यांत भरून पुढच्या ठिकाणी नेली जात. त्यामुळे रस्त्यावर पिवळी पाने आणि डोक्यावर हिरवीगार झाडे असा विसंवाद दिसतो. काही चौकटींत पामची झाडे स्पष्ट दिसतात आणि मोटारींच्या पाट्याही कॅलिफोर्नियाच्याच आहेत. ही उसनवारी मला खुपत नाही. पटकथेतले सैलपण मात्र खुपते. लहानपणापासून बंदिस्त असलेला माणूस इतकी सफाईदार मोटार चालवतो, यावर एक पात्र शंका घेते आणि पटकथा एका वाक्यात ती उडवून लावते. डॉ. लूमिस रात्रीचा बराच वेळ मायकेलच्या ओसाड घरापाशी दबा धरून बसतात, आणि त्यांच्यापासून जवळच उभी असलेली चोरीची मोटार त्यांना फार उशिरा दिसते. धावाधावीत लॉरी हाती आलेला सुरा एकदा नव्हे तर दोनदा टाकून देते. पहिल्या वेळी तिचा धक्का समजून घेता येतो, दुसऱ्या वेळी लेखकांची सोय दिसते. शिवाय अ‍ॅनी कपडे धुण्याच्या खोलीत अडकते तो प्रसंग गरजेपेक्षा लांबला आहे.

मोकळेपणाने वागणाऱ्या मुली मरतात आणि सोवळी मुलगी वाचते, म्हणून चित्रपट जुनाट नीतीचा धडा देतो, असा आरोप त्यावर वर्षानुवर्षे होत आला आहे. नंतरच्या अनुकरणांबाबत तो खरा आहे. या चित्रपटाविषयी कार्पेंटर यांनी तो नाकारला आहे, आणि पडद्यावरचा पुरावा त्यांच्या बाजूने आहे. बाकीच्या मुलींचे लक्ष आपापल्या मित्रांत गुंतलेले असते. लॉरी एकटी असल्यामुळे आजूबाजूला पाहत असते, म्हणून तिला कुंपणाआडचा माणूस दिसतो. तिला वाचवते ती तिची नजर. मदतीसाठी ती शेजारच्या घराचे दार ठोठावते, तेव्हा आतला माणूस पडदा बाजूला करून पाहतो आणि दिवा मालवतो. त्या गावाविषयीची कार्पेंटर यांची खरी टीका या एका कृतीत आहे.

शेवट सांगणार नाही. एवढेच नमूद करतो की अखेरच्या क्षणांत कॅमेरा आपण पाहिलेल्याच जागा एकेक करून पुन्हा दाखवतो, जिना, दिवाणखाना, घराचे दर्शनी दार, आणि त्या साऱ्यांत कोणीही नसते, ऐकू येतो तो फक्त श्वास. पहिल्या दृश्यापासून प्रेक्षकाला मोकळ्या जागांना भ्यायला शिकवल्यानंतरच असा शेवट करता येतो. १९८१ साली आलेल्या दुसऱ्या भागाने मायकेलच्या वागण्यामागे कारण पुरवले, आणि त्या कारणाने त्याची दहशत निम्म्याने उणावली.

कमी पैशांतल्या भयपटांची परंपरा आपल्याला परकी नाही. रामसे बंधूंनी १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरला घरच्याच माणसांना हाताशी धरून उभा केला होता, आणि तो चाललाही. त्यांच्या जिद्दीविषयी मला आदर आहे. पण त्या घराण्याचे चित्रपट आणि 'हॅलोविन' लागोपाठ पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. आपल्याकडे तुटपुंजा पैसा भुताच्या चेहऱ्यावर, धुरावर आणि गाण्यांवर वाटला जाई. कार्पेंटर यांनी तो भिंगावर आणि एका नटावर एकवटला आणि बाकीच्या उणिवा नियोजनाने भरून काढल्या. आज मराठीत मोबाइलवर लघु भयपट करणारी कितीतरी मुले आहेत. त्यांनी या चित्रपटाचा पहिला अर्धा तास तरी चौकटीगणिक थांबवून अभ्यासावा, कारण त्यात परवडणार नाही असे काहीच नाही.

व्यवसायाच्या दृष्टीने 'हॅलोविन'ने अमेरिकेतच सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर मिळवले, आणि २००६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्यासाठी निवडलेल्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत त्याला स्थान मिळाले. हे आकडे आणि मान पाहून चित्रपट उघडणाऱ्याने एक लक्षात ठेवावे की त्याची गती आजच्या मानाने संथ आहे. पहिल्या खुनानंतर पुढे बराच काळ नुसती पाळत आहे. दर पाच मिनिटांनी दचकायची सवय झालेल्यांना हा काळ जड जाईल.

कोणती आवृत्ती पाहावी हेही महत्त्वाचे आहे, कारण चुकीच्या आवृत्तीत वर वर्णिलेले बरेचसे दिसतच नाही. दूरचित्रवाणीसाठी दोन्ही बाजू कापून चौकोनी केलेली प्रत सर्वथा टाळावी, कारण कुंपणाआडचा मायकेल नेमका त्या कापलेल्या भागात असतो. अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी १९८१ साली सुमारे १२ मिनिटांचे नवे प्रसंग चित्रित करून जोडले गेले. ती लांबलेली आवृत्ती अभ्यासकांपुरती ठीक आहे, पहिल्यांदा पाहणाऱ्याने ९१ मिनिटांचा मूळ चित्रपटच पाहावा. ब्लू-रेमध्ये २००७ ची प्रत घेऊ नये, तिच्यात रात्रीची निळाई जवळजवळ नाहीशी झाली आहे. २०१३ ची प्रत कंडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली असल्याने रंगांच्या बाबतीत ती विश्वासार्ह आहे. मूळ एकमार्गी (मोनो) ध्वनिपट्टा निवडण्याची सोय असेल तर तोच निवडावा, नंतर वाढवलेले आवाज काही ठिकाणी उपरे वाटतात. फोनच्या पडद्यावर हा चित्रपट पाहणे म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया घालवणे होय. मोठा पडदा, पूर्ण काळोख आणि रात्रीची वेळ एवढे जमवावे. रक्त कमी असले तरी चित्रपटात थोडी नग्नता आहे आणि त्यातली दहशत लहान मुलांना झेपणारी नाही, त्यामुळे तो मोठ्यांनीच पाहावा. पाचपैकी साडेचार तारे. उरलेला अर्धा तारा दुसऱ्यांदा टाकून दिलेल्या सुऱ्यासाठी आणि लांबलेल्या त्या धुण्याच्या खोलीसाठी कापला आहे.